एकच बटण

चौकट काढायला तीनच चिन्हं लागतात:
अधिक, वजा, उभी रेघ.
माउस नाही, चित्रं नाहीत.
ऐंशी रकाने, पंचवीस ओळी,
एवढ्यात जे मावेल ते जग.

तुर्भ्याला कांदा-बटाटा बाजाराच्या मागच्या फाटकाशी
वजनकाट्याची केबिन आहे, पत्र्याची.
तिथला संगणक माझ्या नोकरीपेक्षा वयाने मोठा.
कीबोर्डच्या फटींत कांद्याची टरफलं,
आणि एंटरवरचा बाण पुसून गेलाय
रखमाजी ढेब्यांच्या अंगठ्याने.

मी पहिली चौकट लिहिली:

वजन बदलायचे?
[ होय ]   [ नाही ]

टॅब दाबला की उजेड सरकतो
या बटणावरून त्या बटणावर.
ज्याच्यावर थांबेल ते उलटं होतं,
काळ्यावर हिरवं होतं ते हिरव्यावर काळं.
सुरुवातीचा उजेड मी ‘नाही’वर ठेवला,
झोपेतला अंगठा पडलाच
तर नुकसान नको म्हणून.
स्वतःवर जरा खूशही झाले.

पण उजवी भिंत वाकडी येत होती.
यंत्र काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी,
‘नाही’ला चार घरं धरतं
आणि पडद्यावर भरतात दोनच.
भिंत दोन घरं आत.
कोपरखैरण्याच्या खोलीत रात्रभर
मी मराठीची रुंदी मोजत बसले.
अनुस्वार फुकट, उकार फुकट,
‘रद्द’मधल्या जोडाक्षराचं काय करायचं
ते पहाटेपर्यंत ठरलं नाही.

ढेबेमामा म्हणाले, भिंत राहू दे गं.
आमच्या जावळीत कुणाची सरळ आहे?
दुसरं सांगतो, ते कर.

रात्री अडीचला नाशकाचा ट्रक काट्यावर चढतो.
आकडा थरथरतो, मग बसतो:
सोळा हजार चारशे वीस.
तेवढ्यात खुर्चीमागे येतो शेठचा माणूस,
खांद्यावर हात ठेवतो,
चहा सांगतो,
म्हणतो, दोनशेच तर कमी करायचेत, मामा.
आणि तुझी चौकट विचारते, बदलायचे?
वाचता त्यालाही येतं, पोरी.

मला वाटत होतं
विचारणं म्हणजे अदब.
‘नाही’पासून ‘होय’पर्यंत एक टॅब,
एवढंच अंतर मी ठेवलं होतं
त्या खांद्यात आणि त्या हातात.

मामांनी अंगठा पुढे केला,
टोकाला गुळगुळीत, रेषा नसलेला.
‘नाही म्हणायचा पगार मला मिळत नाही.
तुझ्या यंत्राला म्हणू दे.’

आणि खरंच चूक झाली तर?
‘तर पुन्हा चढवू ट्रक.
काट्याचे काय पाय दुखतात?’

बटणांच्या यादीतून मी एक नाव खोडलं,
त्याच्यामागचा स्वल्पविराम खोडला.
उरलेल्यावर ‘ठीक’ लिहिलं.
मामा म्हणाले, ठीक साहेब म्हणतात,
आपण काय म्हणतो ते लिही.

वजन बदलता येत नाही.
[ बरं ]

पहिल्या रात्री मीही थांबले होते केबिनमध्ये.
हात आला, चहा आला.
मामांनी पडदा वळवून त्याच्यासमोर धरला,
हे बघा, मशिनच म्हणतंय.
त्याने वाकून वाचलं,
टॅब दाबला. उजेड हलला नाही.
पुन्हा दाबला.
जायला दुसरीकडे जागाच नव्हती.
शेवटी स्वतःच्याच बोटाने
त्याने ‘बरं’ दाबलं,
आणि छपाईयंत्र कुरकुरत पावती ओढू लागलं.

बदलांच्या नोंदवहीत कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं:
‘ऐंशी रकान्यांत
दोन बटणं बसत नव्हती.’